कापसाचा ओलावा मोजतो, मग सर्व्हरच्या खोलीचा का नाही?

मित्रांनो, आजची पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा. विषय आपल्या रोजच्या रांगेचा आहे.

"सर्व्हर डाऊन हाय जी, उद्या या." नरखेड तालुक्यात हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस मला दाखवा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, रेशन, निराधारची पेन्शन, बँकेतले पैसे, सगळं आता कुठल्या ना कुठल्या मशीनमध्ये आहे. जलालखेड्याहून, मेंढल्याहून, लोहारी सावंग्याहून माणूस एक दिवसाची मजुरी पाडून येतो आणि हे एवढं वाक्य घेऊन परत जातो. आपण सरकारला शिव्या घालतो, नेटवाल्याला घालतो, काउंटरवर बसलेल्या पोराला घालतो. त्या मशीनच्या खोलीत हवा कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

मोठा सर्व्हर मुंबई-पुण्यात असतो आणि तिथंही बिघाड होतो, हे मान्य. पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट इथूनच सुरू होते. भिंतीवर टांगलेला नेटचा डबा, टेबलाखालचा यूपीएस, कोपऱ्यात धूळ खात बसलेला स्विच, पत्र्याखाली तापणारी संगणकाची पेटी. ही वाट इथं तुटली की तिकडं मुंबईत सर्व्हर कितीही थंड बसलेला असो, आपल्यासाठी तो डाऊनच.

म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. हवा थंड आणि कोरडी-ओली ठेवण्याचा इतिहास. त्यात आपलं नागपूर सुरुवातीपासून आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल.

साहेब पचमढीला, फायली नागपुरात

विदर्भाचा उन्हाळा इंग्रजांनाही झेपला नाही. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हाळा लागला की साहेबांचं सरकार पचमढीला चढायचं. वऱ्हाडातले साहेब चिखलदऱ्याला जायचे. जे खाली राहायचे त्यांच्या बंगल्यांना आणि कचेऱ्यांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या. माणूस दिवसभर ताटीवर पाणी मारायचा, बाहेरची लू ओल्या वाळ्यातून आत आली की गार आणि सुगंधी व्हायची. आजचा आपला कूलर म्हणजे त्याच ताटीला पंखा आणि मोटर लावलेला अवतार. युक्ती तीच: पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते.

ही युक्ती आपल्याकडे इतकी चालते याचं कारण आपली हवा कोरडी आहे. मुंबईत कूलर का चालत नाही? तिथल्या हवेत आधीच पाणी भरलेलं. आणखी कुठं घेणार?

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल. कूलर हवा थंड करतो, पण ओलीही करतो. एसी हवा थंड करतो आणि कोरडी करतो. माणसाला दोन्ही चालतं. मशीनला चालत नाही.

आधी धाग्यासाठी

१ जानेवारी १८७७. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. जागा नागपूर निवडली, कारण कापूस इथंच पिकतो. पण इथल्या कोरड्या हवेत एक अडचण होती. कोरड्या हवेत सुताचा धागा कडक होतो, तुटतो, त्यात स्थिर वीज भरते आणि तंतू उडत राहतात. मँचेस्टरच्या ओलसर हवेत जे काम सहज व्हायचं ते नागपूरच्या मे महिन्यात व्हायचं नाही. म्हणून धाग्यासाठी हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवणाऱ्या भारतातल्या पहिल्या गिरण्यांत एम्प्रेस मिलचं नाव घेतलं जातं.

म्हणजे खोलीतली हवा यंत्राच्या आणि मालाच्या सोयीची करणं ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. ती आपल्याकडे कापसातून आली.

त्या दमट खात्यांत माणसाचे हाल व्हायचे, हेही सांगायला हवं. उकाड्यात वरून वाफ. पुढं त्यावर कायदा आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १५ खास यासाठी होतं: कारखान्यात कृत्रिमरीत्या दमटपणा वाढवत असाल तर किती, कसा आणि कोणत्या पाण्यानं, यावर सरकार नियम करू शकत होतं आणि तो मोजायला लावू शकत होतं. शब्द लक्षात घ्या. मोजायला.

मग कागदासाठी

एसीचा जन्म माणसाला गार वाटावं म्हणून झाला असं आपल्याला वाटतं. तो झाला छापखान्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक रंगीत छपाईचा छापखाना होता. उन्हाळ्यात दमट हवेनं कागद फुगायचा, हवा बदलली की आकसायचा. एकाच कागदावर चार रंग चार वेळा छापायचे, त्यामुळे कागद केसभर जरी सरकला तरी रंग एकमेकांवर बसेनात. ही अडचण सोडवायचं काम विलिस कॅरियर नावाच्या २५ वर्षांच्या इंजिनिअरकडे आलं. त्यानं थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं जास्तीचं पाणी काढून टाकलं आणि खोलीतला दमटपणा वर्षभर ५५ टक्क्यांवर ठेवण्याचा आराखडा केला. आपण आज ज्याला एसी म्हणतो त्याची सुरुवात तिथं झाली. गारवा हा त्याचा जोडफायदा होता. मूळ काम दमटपणा धरून ठेवण्याचं होतं.

एअर कंडिशनिंग हा शब्दही चार वर्षांनी, १९०६ साली, स्टुअर्ट क्रेमर नावाच्या माणसानं वापरात आणला. तो कोणत्या धंद्यातला? कापडगिरण्यांच्या. पुन्हा कापूसच.

आणि मग संगणकासाठी

१९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचा संगणक जगासमोर आला. त्यात सुमारे १८ हजार काचेच्या नळ्या होत्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. तो सुमारे १५० किलोवॅट वीज खायचा. आता साधा हिशेब बघा. पंपात गेलेली वीज पाणी वर चढवते. संगणकात गेलेली वीज काही उचलत नाही, जवळपास सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. म्हणजे एनिॲक हा १५० किलोवॅटचा हिटरच होता, जो मधल्या मधे गणितं करायचा. त्याला मोठमोठे ब्लोअर लावावेच लागले.

पुढं पंचकार्डाचा जमाना आला. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडून माहिती साठवायची. दमट हवेत कार्ड फुगायचं आणि मशीनमध्ये अडकायचं, कोरड्या हवेत कार्डं एकमेकांना चिकटायची. छापखान्याचा जुना रोग संगणकात आला. म्हणून संगणकाची खोली म्हणजे एसी, उंच केलेली फरशी, खालून येणारी थंड हवा, बंद दार, असं चित्र तयार झालं. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोच्या राल्फ लीबर्टनं खास संगणकाच्या खोलीसाठी एसी बनवायला घेतला, कारण घरगुती एसी हवेतलं पाणी फार काढायचा आणि खोली वाजवीपेक्षा कोरडी व्हायची.

आपल्या राज्यात ही गोष्ट मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या चमूनं देशी संगणक बांधला. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. त्यातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. समुद्राकाठचं कुलाबा, हवेत मीठ आणि पाणी, आणि आत तापणाऱ्या नळ्या. १९६४ साली तिथं सीडीसी ३६०० हा परदेशी मोठा संगणक आला. त्या काळात संगणक बघायला जाणं म्हणजे एसी बघायला जाणं, असं जुनी माणसं गमतीनं सांगतात.

विदर्भाचा धागा इथंही आहे. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इंजिनिअरिंग नागपुरातच केलं, आजच्या व्हीएनआयटीत. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्या वेळी अमेरिकेचा क्रे हा महासंगणक जगात सगळ्यात नावाजलेला. क्रे-१ च्या सांगाड्यातून फ्रिजमध्ये असतो तसला शीतक वायू खेळवलेला होता. क्रे-२ चे तर सर्किट बोर्ड एका खास द्रवात बुडवून ठेवले होते. वेग वाढवायचा तर उष्णता काढून न्यावीच लागते, ही गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत बदललेली नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकातही थंड द्रव थेट चिपच्या अंगापर्यंत नेऊन उष्णता काढतात.

शेजारच्या वर्ध्यात काय झालं

आता घराजवळ येऊ. जमिनीचे कागद संगणकावर घेण्याची योजना केंद्र सरकारनं १९८८-८९ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू केली. देशातले फक्त आठ जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून एकच होता: आपला शेजारी वर्धा.

कल्पना करा. मुंबई नाही, पुणे नाही, नाशिक नाही. ज्या पट्ट्यात मे महिन्यात डांबर वितळतं तिथं सातबारा पहिल्यांदा मशीनमध्ये घालायचं ठरलं. १९९७-९८ पासून ही योजना तहसीलपर्यंत उतरवायचा निर्णय झाला. पुढं सगळ्या तालुक्यांत संगणक आले, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तीस वर्षांत कापडात गुंडाळलेलं दप्तर मशीनमध्ये गेलं. हे काम मोठं आहे, त्याबद्दल कौतुकच.

पण दप्तराला काय लागायचं? वाळवी लागू नये, पाणी गळू नये, उंदीर लागू नये. तलाठ्याला ते कळायचं. मशीनला काय लागतं ते कागदावर लिहून दिलं गेलं असेलही, पण ते मोजायची सवय आपल्या कार्यालयांना लागली नाही. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढायच्या, ही एक गोष्ट मात्र सगळ्यांनी शिकून घेतली. शाळेत असताना तुम्हीही काढल्या असतील. धुळीसाठी ती बरोबरच होती. हवेचं काय?

आपले तीन ऋतू, तीन दुखणी

अमेरिकेतल्या वातानुकूलन इंजिनिअरांची ॲश्रे नावाची संस्था आहे. जगभर संगणक खोल्यांसाठी तिचे आकडे मानतात. २००४ साली तिनं सांगितलं: तापमान २० ते २५ अंश, दमटपणा ४० ते ५५ टक्के. २००८ साली अनुभवावरून ते सैल केलं: १८ ते २७ अंश चालेल, आणि दमटपणा वरच्या अंगाला ६० टक्क्यांच्या आत. आता हे आकडे घेऊन आपल्या वर्षाकडे बघू.

आधी टक्का म्हणजे काय ते. हवेला पाणी धरणारं भांडं समजा. गरम हवेचं भांडं मोठं, थंड हवेचं लहान. टक्का म्हणजे ते भांडं किती भरलं. त्यामुळे पाणी तेवढंच असलं तरी हवा थंड केली की टक्का वाढतो.

मे महिना. बाहेर ४५ अंश, दमटपणा १५ टक्के. (२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, आठवत असेल.) ही हवा कूलरमधून आणली तर आत साधारण २८ अंश मिळतात. माणूस म्हणतो, वा! पण दमटपणा ७० टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात कूलरच्या गवतातून येणारी धूळ आणि बोअरच्या पाण्याचा क्षार. ओली धूळ सर्किटवर बसली की तिच्यातून वीज वाहू लागते. तीच हवा एसीनं २४ अंशांवर आणली तर दमटपणा आपोआप ४५-५० टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे मे महिन्यात मशीनसाठी एसी अगदी बरोबर आणि कूलर अगदी चूक. मी पदविका करून आलो त्या काळात एका कार्यालयात बसायचो, तिथं कूलरचं तोंड थेट संगणकाकडं केलेलं असायचं, मशीनला गार वाटावं म्हणून. एकाच उन्हाळ्यात दोन मदरबोर्ड गेले आणि सगळ्यांनी दोष व्होल्टेजला दिला.

जुलै-ऑगस्ट. बाहेर ३० अंश, दमटपणा ८० टक्के. या हवेतलं पाणी साधारण २६ अंशांवरच दव होऊन बसायला लागतं. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तेच. एसी १६ वर ठेवून खोली गारेगार केली आणि मग दार-खिडकी उघडली, की बाहेरची दमट हवा थंड पेटीवर जाऊन घाम आणते. मशीन दुरुस्त करणारा पोरगा येतो, रॅमची पट्टी काढतो, खोडरबरनं घासतो, परत बसवतो आणि मशीन चालू होतं. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो खोडरबरनं काय पुसतो? बहुतेक वेळा दमट हवेनं आणि धुळीनं धरलेला थर.

डिसेंबर-जानेवारी. आता हवा कोरडी. दुपारी दमटपणा २५-३० टक्क्यांवर येतो. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. तो झटका माणसाला जाणवायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. उघडी चिप मात्र शंभर-दोनशे व्होल्टनंही दुखावू शकते, आणि लावणाऱ्याला कळतही नाही. दुरुस्ती करून आणलेलं मशीन महिनाभरात पुन्हा का बसलं, याचं एक उत्तर इथं असू शकतं.

रत्नागिरीला वर्षभर एकच दुखणं: दमटपणा. आपल्याला तीन ऋतूंत तीन वेगवेगळी. मग साऱ्या महाराष्ट्राला एकाच नमुन्याची खोली आणि एकच यादी कशी पुरेल?

हवा मोजणाऱ्या मशीनचंही तेच. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बातम्या झाल्या. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. तापमान मोजायला ठेवलेलं यंत्रच चुकलं. मग पत्र्याखालच्या डब्यानं काय करावं?

लाईट गेली की

आता सगळ्यात महत्त्वाचं. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाला बारा-बारा तास लोडशेडिंग. आज तेवढं नाही, पण उन्हाळ्यातलं वादळ आलं की तारा पडतातच. लाईट गेली की यूपीएस संगणक आणि स्विच चालू ठेवतो. एसी मात्र यूपीएसवर नसतो, तो बंद पडतो. म्हणजे हिटर चालू आणि पंखा बंद. बंद लहान खोलीत दहा-पंधरा मिनिटांत हवा चढायला लागते. लोक म्हणतात, बॅकअप आहे न बावा, काळजी कायची? बॅकअप विजेचा आहे, गारव्याचा नाही.

आणि ती बॅटरी? तिचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबानं धरलेलं असतं. त्यावर दर ८-१० अंश वाढले की आयुष्य जवळपास अर्धं होतं. चार वर्षं चालायची बॅटरी आपल्याकडे दोन वर्षांत का फुगते, याचं कोडं उरत नाही. ती बदलायचे पैसे कुठून जातात? तुमच्या-माझ्या करातून.

शाळांचा हिशेब करा. २० संगणक, प्रत्येकी साधारण १२० वॅट, म्हणजे २,४०० वॅट. ३० पोरं, बसल्या जागी प्रत्येकाच्या अंगातून ८०-१०० वॅट उष्णता, म्हणजे आणखी अडीच ते तीन हजार. वर पत्रा, तो वेगळा. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे ऊन धरायच्या आधीच दीड टनाचा एसी संपला. आणि बहुतेक शाळांत आहेत दोन पंखे. मग उन्हाळ्याच्या आधीच प्रयोगशाळेला कुलूप लागतं आणि दोष पोरांना, की यांनी कीबोर्ड तोडले.

करायचं काय

नरखेडच्या शेतकऱ्याला दमटपणा शिकवायची गरज नाही. सीसीआयच्या केंद्रावर कापूस नेला की पहिल्यांदा ओलाव्याचं मीटर खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. संत्र्याचंही तसंच. शीतगृहात संत्र्याला ६-७ अंश गारवा आणि ९०-९५ टक्के दमटपणा लागतो, नाहीतर साल सुकते. कापसाला एक हवा, संत्र्याला दुसरी. संगणकाला तिसरी. एवढं साधं आहे.

आपल्या कापसाचा ओलावा एका टक्क्यानं वाढला तर पैसे कापणारी व्यवस्था आपल्याच सातबाऱ्याच्या खोलीत मीटर लावत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

म्हणून चार-पाच गोष्टी सुचवतो. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही.

एक. तहसील, नगर परिषद, ग्रामपंचायत, शाळा, ग्रामीण रुग्णालय, जिथं जिथं संगणकाची खोली आहे तिथं तापमान-दमटपणा दाखवणारं छोटं मीटर भिंतीला लावा. काही शे रुपयांत मिळतं. शेजारी वही टांगा. सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन नोंदी. वर्षभराच्या नोंदी असल्या की बिघाड नेमका कधी आणि का होतो ते दिसेल, आणि नवीन एसीची मागणी करताना हातात पुरावा असेल.

दोन. मशीनच्या खोलीत कूलर नको. माणसांच्या खोलीत खुशाल ठेवा.

तीन. एसी १६ वर नको. २४ ते २६ पुरे. २०२० पासून नवे घरगुती एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात, ते उगाच नाही. बिल वाचेल आणि पावसाळ्यात मशीनला घामही येणार नाही.

चार. लाईट जाऊन एसी थांबला तर किती मिनिटांनी मशीन रीतसर बंद करायचं, हे दारावर लिहून ठेवा. अचानक बंद पडण्यापेक्षा ते बरं. बॅटरी खोलीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात, उन्हाच्या भिंतीपासून लांब.

पाच. छत. पत्र्यावर पांढरा चुना मारला, आतून फॉल्स सीलिंग केलं, पश्चिमेच्या खिडकीवर ताटी बांधली तरी एसीचा भार कमी होतो. आपल्या आजोबांना हे कळायचं.

आणि सहावी गोष्ट, यंत्राची नाही. मशीनला एसी द्या, जरूर द्या, त्यात आपलेच कागद आहेत. पण काचेच्या आत २४ अंश आणि काचेच्या बाहेर म्हातारी बाई ४४ अंशांत रांगेत उभी, हे बरं दिसत नाही. एम्प्रेस मिलच्या काळात धाग्यासाठी हवा बदलली आणि माणसाचा विचार कायद्यात यायला कित्येक वर्षं गेली. आपण तेवढा वेळ घेऊ नये. रांगेवर सावली, बसायला बाक, प्यायला पाणी, एक कूलर. तो कूलर तिथंच शोभतो.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. "आपल्या ग्रामपंचायतीच्या संगणक खोलीचं तापमान आणि दमटपणा किती?" एवढाच प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर मीटर लावायचा ठराव घ्या. नगर परिषदेच्या नगरसेवकांनाही विचारा. आणि तुमच्या गावात कोणी आधीच असं मीटर लावलं असेल, वही ठेवली असेल, तर खाली कमेंटमध्ये नक्की सांगा. चांगलं काम करणाऱ्याचीही बातमी व्हायला पाहिजे.

पटलं तर पुढं पाठवा. सरपंच, मुख्याध्यापक, सेतूवाले भाऊ, सगळ्यांपर्यंत जाऊ द्या.

#नरखेड #सर्व्हरडाऊन #आपलातालुका